सोयरे म्हणजे भावकी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘सोयरे’ हा जुन्या वळणाचा शब्द, अर्थ ‘नातेवाईक’, एवढं छापून आपण मोकळे झालात. वाचून फार राग आला. सोयरे म्हणजे सरसकट नातेवाईक नव्हेत. लग्नानं जोडलेले ते सोयरे : व्याही, साडू, सुनेचं माहेर. एका कुळातले, ज्यांना आपलं सुतक लागतं, ते भाऊबंद, म्हणजे आपली भावकी. भावकीत सोयरीक होत नाही. आणि जुना म्हणजे किती जुना? कागल-गडहिंग्लजकडं दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की आजही ‘तुमची सोयरीक कुठं?’ असंच विचारतात. सरकारनंही जातीच्या दाखल्यांच्या नियमांसाठी काढलेल्या २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ची व्याख्या लग्नातून झालेल्या नात्यांवरच केली. त्या मराठा आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा ‘शोकाकुल : समस्त भाऊबंद व सोयरे’ असं मी स्वतः लिहून दिलं होतं. एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीवरच्या गृहस्थांनी ‘सोयरे’वर काट मारली आणि ‘परिवार’ लिहिलं. “आता असं कोण लिहीत नाही, ताई.” त्या दिवशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

आमच्या घरात चूल बंद होती. भाकरी-पिठलं बांधून आणलं ते सासूबाईंच्या माहेरानं. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर आमच्या आधी तेच हजर. बाराव्याला सासऱ्यांना टॉवेल-टोपी दिली, मला साडी नेसवली, तीही त्यांनीच. आणि पेपरात भाऊबंद होते, हे नव्हते. सासूबाईंच्या भावानं, म्हणजे मामांनी, तो कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला. “आमी कुठं हाय गं ह्यात, सूनबाई?” म्हणाले. पुढं दिवाळीपर्यंत ते आमच्याकडं आले नाहीत. खुलासा छापा म्हणून त्या दैनिकाला पत्र दिलं, त्याचं उत्तरही आलं नाही.

आपण तरी चुकीचा अर्थ दुरुस्त करून त्याच जागी छापावा.

जाता जाता, आपल्या निधनवार्तांची अक्षरं इतकी बारीक का? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला अख्खं पान जातं आणि रक्षाविसर्जनाची वेळ भिंग लावून शोधावी लागते. कोल्हापुरात निम्मी म्हातारी माणसं सकाळी पहिल्यांदा तेच पान उघडतात. निदान वेळ आणि ठिकाण ठळक छापा.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर