मस्टरवरच्या बायका आणि अकरावं कलम

नाशिक

प्रिय सखे,

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "न्यूयॉर्कला झालेल्या कराराचं आमच्या झाडूवाल्या बाईला काय?" तेव्हा मी कोर्टाच्या पायऱ्यांवर होते, धड बोलता आलं नाही. आज निवांत लिहिते, सीडॉबद्दल, म्हणजे स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या त्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल, आणि गरोदर म्हणून ठेकेदारानं काढलेल्या तुझ्या बाईबद्दल.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, हे तुला माहीत आहे. मुकादमाच्या हातातलं मस्टर, एवढाच तिच्या कामाचा पुरावा. धाकट्याच्या वेळी ती जितके दिवस घरी राहिली तितक्या फुल्या पडल्या, मजुरी बुडाली. त्यासाठी भांडता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणून दिल्ली महापालिकेच्या खटल्याचा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा 'मस्टर रोल' या शब्दांपाशीच मी अडले.

त्या बायकाही रोजंदारीवरच्या. काही जणी वर्षानुवर्षं राबत होत्या. कायम नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा, यांना काहीच नाही. युनियन भांडली, 1996 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं बायकांच्या बाजूनं निवाडा दिला. तरी महापालिकेचा हेका एकच: 1961 चा प्रसूती लाभ कायदा यांना लागू नाही. अखेर 8 मार्च 2000 ला सर्वोच्च न्यायालयानं तो मोडून काढला. घटनेतलं बाळंतपणाच्या मदतीबद्दलचं 42 वं कलम तर न्यायाधीशांनी घेतलंच, पण पुढे जाऊन सीडॉचं, नोकरीतल्या भेदभावाबद्दलचं, 11 वं कलम निकालात उतरवलं. आणि म्हटलं, ही तत्त्वं महापालिका आणि या बायका यांच्यातल्या नोकरीच्या करारातच आहेत असं धरून चाला. अगं, ज्यांना कधी नेमणुकीची साधी चिठ्ठी मिळाली नसेल, त्यांच्या करारात! ते वाक्य मी आजही वाचते तेव्हा आई डोळ्यांसमोर येते.

आता तुझा प्रश्न. नुसत्या सहीनं करार इथला कायदा होत नाही, त्यासाठी संसदेनं कायदा करावा लागतो. भारतानं सीडॉ मंजूर केला 9 जुलै 1993 ला. पण कायदा गप्प असेल तिथं काय करायचं? ते 1997 च्या विशाखा निकालात ठरलं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. न्यायालय म्हणालं, करार मूलभूत हक्कांच्या विरोधात नसेल, तर त्या हक्कांचा अर्थ लावताना तो वाचायचा. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर आधी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेल्या सुजाता मनोहर होत्या. संसदेचा कायदा यायला 2013 उजाडलं, तोवर त्या निकालातली मार्गदर्शक तत्त्वंच कायद्यासारखी चालली.

सगळीकडे हे जमतं असं मी म्हणणार नाही. जमीन आणि घर आलं की आपलं कोर्टही बिचकतं. टांझानियात एका बाईनं बापाकडून आलेली जमीन विकली. भावकी आडवी आली, बाईमाणसाला कुळाची जमीन विकता येत नाही म्हणून. तिथल्या उच्च न्यायालयानं 1990 साली सीडॉचा आधार घेऊन ती रूढी सरळ बाजूला सारली. आपल्याकडे मात्र 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात छोटा नागपूरच्या आदिवासी बायकांचा जमिनीवरचा वारसाहक्क आला तेव्हा न्या. रामस्वामी सीडॉ घेऊन उभे राहिले, पण ते अल्पमतात. जमिनीचा वारसा पुरुषांनाच देणारा कायदा बहुमतानं रद्द केला नाही. जगण्यासाठी जमिनीवर अवलंबून आहेत तोवर बायकांना तिथून हलवायचं नाही, एवढंच दिलं. माझ्या मते ते अपुरं होतं. सरकारनंही करार मंजूर करतानाच सांगून ठेवलंय, कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्याच्या संमतीशिवाय हात घालणार नाही.

पण तुझ्या बाईचा प्रश्न नोकरीचा आहे, तिथं पाय घट्ट रोवता येतात. गरोदर दिसल्यावर ठेकेदारानं "उद्यापासून येऊ नको" म्हटलं ना? 11 व्या कलमात नेमकं तेच आहे, गरोदरपणाच्या कारणानं कामावरून काढायला बंदी. अर्जात आधी प्रसूती लाभाची आपल्या कायद्यातली तरतूद, मग घटनेची समानतेबद्दलची 14 आणि 15 ही कलमं आणि 42 वं कलम, आणि त्यांच्या पाठीशी हे कलम, दिल्लीच्या निकालासकट. वकिलांना ते शोभेपुरतं शेवटी टाकू देऊ नकोस. आपण मागितलं नाही तर न्यायाधीश ते आपणहून कशाला काढतील?

ठेकेदार म्हणेल, ही माझ्याकडे कामाला नव्हतीच. म्हणून हजेरीच्या पानांचे फोटो लगेच काढून घे, आणि तिच्याबरोबर झाडणाऱ्या दोघीतिघींना विचार, सांगायला येतील का. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते.

तुझीच,
मैत्रीण