गर्दी जमली नाही, तर गुन्हा नोंदवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसाने बाईशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला की बातमी ठरलेली असते : ‘संबंधित कर्मचारी निलंबित, खातेनिहाय चौकशीचे आदेश.’ वाचणाऱ्याला वाटतं, शिक्षा झाली. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता सुरू असतो आणि चौकशी खात्यातलेच लोक करतात. विनयभंग, बलात्कार हे फौजदारी गुन्हे आहेत. करणाऱ्याच्या अंगावर वर्दी होती म्हणून त्याला ‘गैरवर्तन’ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आमच्या देसाईगंजचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं ते २६ मार्च १९७२ च्या रात्रीमुळे. जबाबासाठी ठाण्यात आणलेल्या एका आदिवासी मुलीला, सोबतच्यांना बाहेर काढून, आत थांबवून घेतलं गेलं. दार आतून बंद, दिवे मालवलेले. बाहेर गाव जमलं, ठाणं पेटवून देऊ म्हणू लागलं, तेव्हा कुठे तिची बलात्काराची फिर्याद लिहिली गेली. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा ठोठावली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार नव्हता, असा तो तर्क. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, एकट्या पोरीने पोलिसांशी झटापट करायला हवी होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाने केलेल्या अशा बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा आली. संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं ती म्हणाली, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, हेही आलं. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये आणि साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये तेच आहे.

म्हणजे शिक्षेचा कायदा कडक आहे. प्रश्न त्याआधीचा आहे : फिर्याद लिहायची कोणी? २००५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत शिपायाने एका मुलीवर बलात्कार केला, तेव्हाही लोक चौकीभोवती जमले. वर्षभरात त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही वेळा बाहेर गर्दी होती. ज्या बाईसाठी कोणीच जमत नाही, तिने तक्रार द्यायची ती बहुतेकदा त्याच ठाणेदाराकडे, ज्याच्या हाताखालच्या माणसाविरुद्ध ती आहे. असा गुन्हा न नोंदवणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. पण त्याच्यावर तरी गुन्हा नोंदवणार कोण?

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून अठरा महिन्यांचं चित्रीकरण जपायला सांगितलं. यंत्र चालू ठेवायची जबाबदारी ठाणेदारावरच!

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आणखी एक गाठ आहे. लैंगिक गुन्ह्यांत लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागत नाही, हे कलम २१८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पण कर्तव्य बजावताना घडलेल्या घटनेबद्दल तक्रार असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने वरिष्ठाचा अहवाल मागवावा आणि त्या लोकसेवकाचं म्हणणंही विचारात घ्यावं, असं कलम १७५ मध्ये आहे. तिथे लैंगिक गुन्ह्यांचा अपवाद नाही. बाईच्या अंगावर हात टाकणं कोणत्या कर्तव्यात बसतं? तो अपवाद संसदेने तिथेही स्पष्ट शब्दांत घालावा.

राज्य सरकारकडे मागणी एवढीच. आरोपी पोलीस असेल, तर फिर्याद त्याच्या ठाण्यात नको आणि तपास दुसऱ्या जिल्ह्यातल्या महिला अधिकाऱ्याकडे द्यावा. तक्रार येताच ठाण्यातलं चित्रीकरण न्यायालयाच्या ताब्यात जावं. आपल्याकडे २०१४ च्या कायद्याने आलेलं, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं पोलीस तक्रार प्राधिकरण किती बायकांना ठाऊक आहे? त्याचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या दारावर, ठळक मराठीत, लावायला तर कायदाही बदलावा लागत नाही.

– एक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली