फॉर्मची तारीख अजून गेलेली नाही

मिरज,
रविवार, दुपार

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

काल मला ड्यूटी बदलून घेता आली असती. बरोबरची सिस्टर दोनदा म्हणाली, "तुम्ही जावा, मी बघते." मी गेले नाही. तुझी गाडी सुटली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरात दुसऱ्या दिवशीच्या केसची ट्रॉली लावत होते. बाबा म्हणाले, गाडी हलेपर्यंत तू जिन्याकडंच बघत होतीस. ते ऐकल्यापासून घास उतरलेला नाही.

फोन लावला तर मी पुन्हा तेच बोलणार आणि तू "हो आई, हो आई" करत राहणार, म्हणून लिहायला बसले. इंजिनियरिंगची डिग्री न करता तू डिप्लोमावरच साणंदला, गुजरातेत, चिपच्या कारखान्यात नोकरीला गेलीस, ते झालं. या पत्रात डिग्रीचं नाव काढायचं नाही, असं ठरवलंय.

गुरुवारी जेवताना मी बोलले ते चुकलं. पुढ्यात ताट असताना पोरीला असं बोलू नये. "जन्मभर दुसऱ्याच्या सह्या घेत फिरशील" हे खरं तर तुला उद्देशून नव्हतंच. कुणाला होतं ते पुढं लिहीन, हिंमत झाली तर.

आधी कामाचं. तू दाखवलेला ट्रेनिंगचा व्हिडिओ मी रात्री परत लावला. आत जाताना आधी डोक्याची टोपी, मग मास्क, मग अंगभर सूट, मग बूट, शेवटी हातमोजे. बघता बघता भरून आलं. पंचवीस वर्षं मी दुसरं काय करतेय? थिएटरात आम्ही पेशंटला जपतो, तुम्ही त्या सिलिकॉनच्या चकतीला जपणार. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगावरून कातडीचे कण गळत असतात, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. तेव्हा पावडर नको, काजळ नको, आणि टिकली काढायला लावली तर वाईट वाटून घेऊ नकोस. मीसुद्धा मंगळसूत्र रोज कपाटात ठेवूनच आत जाते. आत सावकाश चाल. तुला पाय आपटत चालायची सवय आहे, तितकी धूळ उडते. मनगटाला पट्टा बांधून तो अर्थिंगला जोडायला सांगतील, तो कंटाळा येऊन काढू नकोस. थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते, तेवढ्यानंही चिप जाते म्हणे.

आणि ती तार. तुला वायर बाँडिंगला घेणार म्हणालीस ना? मी समजून घेतलंय, हसू नकोस. वेफर म्हणजे ती सिलिकॉनची चकती घासून पातळ करायची, तिचे बारके तुकडे कापायचे, एकेक तुकडा चिकटवायचा, मग त्याला सोन्याची नाहीतर तांब्याची तार जोडायची, वरून काळं प्लास्टिक ओतायचं आणि तपासायचं. ती तार पंचवीस मायक्रॉनच्या आसपास असते हे वाचलं आणि मी ताडकन उठून बसले. डोळ्यांच्या थिएटरला सहा वर्षं होते तेव्हा डोळ्याला टाके घालायचा टेन-झीरोचा धागा मी रोज हाताळलाय. तोही तेवढाच, वीस ते तीस मायक्रॉनच्या मधला. माणसाचा केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. पाकीट उघडलं की धागा दिसत नाही, फक्त सुई दिसते. ती जरा हलवली की मग उजेडात मागं काहीतरी चमकतं, तो धागा. हिरव्या कापडावर पडला की गेला. नव्या मुली अशा वेळी श्वास रोखून धरतात, आणि श्वास रोखला की हात आणखी थरथरतो. कोपर टेकव, श्वास हळू सोडत राहा, आणि चिमट्यानं धरताना टोकाकडं बघ, हाताकडं नको. तुमच्याकडं टाके मशीन घालतं हे मला कळतं, पण तार तुटली की त्या बारीक नळीतून ती परत ओवायची माणसानंच. तिथं तुला हे उपयोगी पडेल.

थिएटरात सगळ्यांना सांगितलं मी. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनासुद्धा. ते म्हणाले, "आमच्या मॉनिटरमधल्या चिप्स आता तुमची मुलगी करणार तर." मी दिवसभर त्याच तंद्रीत होते.

पण ऋतू, बिघडलेलं मशीन नीट करणारी टेक्निशियन, आणि ते किती उष्णतेवर, किती दाबानं चालवायचं हे ठरवणारा इंजिनियर. बघ, आलेच मी त्यावर.

मामाशी बोलले. तू म्हणालीस तसं त्यानं तुझीच बाजू घेतली. म्हणाला, ताई, जगातल्या चिप डिझाइन करणाऱ्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा लोक भारतात बसलेत, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही चिपची कंपनी १९८५ सालीच बेंगळुरूला आली, पण प्रत्यक्ष चिप करण्याचं, पॅक करण्याचं काम इथं आत्ता उभं राहतंय, आणि पहिल्या तुकडीत शिरलेल्या मुलांना जे हातात येईल ते वर्गात मिळणार नाही. ते मला पटलं. मग मी विचारलं, तुझ्या चिप डिझाइनच्या ऑफिसात डिप्लोमावाले किती? तो गप्प झाला. डिझाइनच्या टेबलावर बी.टेक., एम.टेक. लागतंच, म्हणाला. फॅबमध्ये, म्हणजे चिप घडवायच्या कारखान्यात, केमिकल, फिजिक्स, मेकॅनिकलचीही माणसं घेतात, पण प्रोसेस ठरवणारी खुर्ची डिग्रीची. पॅकेजिंग आणि टेस्टिंगला डिप्लोमावर भरपूर जागा निघतात. तुझ्यासाठी जे दार उघडं होतं त्यातून तू आत गेलीस, यात तुझं काही चुकलं नाही. आत गेल्यावर पुढचं दार बंद होऊ नये एवढंच माझं म्हणणं.

तू म्हणालीस, देशाला माणसं हवीत, सरकार ८५ हजार लोक तयार करतंय. ती चिप्स टू स्टार्टअप योजना मी बघितली. ते ८५ हजार बी.टेक., एम.टेक. आणि पीएच.डी.चे आहेत गं. डिप्लोमा त्यात मोजलेला नाही. धोलेऱ्याच्या नव्या चिप कारखान्याचंही तसंच. ९१ हजार कोटींचा कारखाना, २८ नॅनोमीटरपर्यंतचं बारीक काम, दोन वर्षं साणंदला काढते आणि मग तिकडं जाते, असं तू किती सहज म्हणालीस. जाशीलही. पण कोणत्या पदावर?

आणि कारखान्याचं काय सांगावं. मोहालीला सरकारचा चिपचा कारखाना १९८४ मध्ये चालू झाला आणि १९८९ मध्ये आगीत जळाला. तो परत उभा राहीपर्यंत जग पुढं निघून गेलं. बाबांची सूतगिरणी बंद पडली ते तुला आठवत नसेल, तू बालवाडीत होतीस. बाबांच्या हातात कसब होतं, कागद नव्हता. नंतरची चार वर्षं आपण कशी काढली ते आजीला विचार.

हे लेक्चर झालं. मला माफ कर.

आजोबांचं नाव तू घेतलंस तेव्हा मला राग आला होता, आता येत नाही. साताऱ्याला शिवाजी कॉलेजात त्यांनी कर्मवीरांच्या कमवा आणि शिका योजनेत दिवस काढले, हे खरं. पहाटे शेताला पाणी पाजायचं, मग वर्ग, संध्याकाळी परत काम. हाताला घट्टे असायचे आणि मास्तर झाल्यावरही ते गेले नाहीत, खडू धरताना दिसायचे. लहानपणी मी त्या घट्ट्यांवरून बोट फिरवत बसायची. पण बाळा, त्यांनी कमवताना शिकणं सोडलं नव्हतं. तू त्यातलं अर्धंच नेलंस अशी मला भीती वाटते.

आता ते लिहिते. मी जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला तेव्हा बी.एस्सी. नर्सिंग करणारी आमच्या बॅचला एकच होती. नोकरी लगेच मिळाली. पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं, पुढच्या वर्षी करू म्हटलं. मग दादा झाला. मग तू. मग गिरणी गेली. तीनदा फॉर्म आणला, तीनदा तसाच ट्रंकेत ठेवला. माझ्या हाताखाली गाऊन घालायला शिकलेली मुलगी आज आमची इन्चार्ज आहे. चांगली आहे ती, मला "ताई" म्हणते. पण ड्यूटी लिस्टवर सही तिची लागते, आणि रजेचा अर्ज घेऊन मी तिच्या टेबलापुढं उभी राहते. सह्या घेत फिरणारी बाई ती ही. तुझ्यावर ओरडले ते या बाईवरचं होतं.

अजून एक विचारायचं होतं. कॅनॉलकडच्या प्लॉटच्या हप्त्यांमुळं तर तू हे केलं नाहीस ना? मी आणि बाबा बोलत होतो तेव्हा तुझ्या खोलीतला दिवा चालू होता. तसं असेल तर तो प्लॉट गेला तरी चालेल. फीचंही कारण नको. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना ओबीसीतून इंजिनियरिंगची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे, आणि आपण त्यात बसतो. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे तीनच वर्षं. वालचंद घरापासून वीस मिनिटांवर. तुझे मार्क बघून मला तरी वाटतं की लागेल.

बरं, नाही यायचं तर नको येऊस. तिथं राहूनही वाटा आहेत. नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी संध्याकाळची बी.टेक. काढायला तंत्रशिक्षण परिषदेनं, एआयसीटीईनं, २०२३ मध्ये कॉलेजांना परवानगी दिली. त्याच साली व्हीएलएसआय डिझाइनची, म्हणजे चिप डिझाइनची, वेगळी डिग्री आणि आयसी मॅन्युफॅक्चरिंगचा, म्हणजे चिप बनवण्याचा, डिप्लोमाही काढला. अहमदाबादेत कुठलं कॉलेज संध्याकाळचं चालवतं ते चौकशी कर. एनपीटीईएलवर आयआयटीच्या मास्तरांची लेक्चर्स फुकट आहेत, शिफ्टनंतर अर्धा तास ऐकलं तरी सवय तुटणार नाही. डिग्री झाली की एम.टेक.साठी गेटची परीक्षा, आणि मग आयआयटी मुंबईच्या नॅनोच्या लॅबमध्ये मुलं स्वतःच्या हातानं चिपचे भाग करतात म्हणे, मामानं सांगितलं. एवढं मात्र ऐक, "तीन महिन्यांत व्हीएलएसआय, नोकरीची हमी" असा कुणाचा फोन आला तर पैसे भरू नकोस. निलूआत्याच्या ओंकारचे पुण्यात असेच पंचेचाळीस हजार गेले. सर्टिफिकेट छान आहे, सोनेरी अक्षरांचं. मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न विचारला तो ट्रान्झिस्टरचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरचा.

ठरवूनही सगळं पत्र त्यावरच गेलं.

तू पाचवीत असताना रेडिओ उघडलास आणि परत लावता येईना म्हणून त्याचे तुकडे पिठाच्या डब्यात लपवलेस. दोन दिवसांनी भाकरीत स्प्रिंग सापडला. आजी रागावली, मी रागावले, आणि रात्री बघते तर तू बाबांच्या टॉर्चच्या उजेडात ते तुकडे पुसून एका ओळीत मांडत होतीस. तेव्हा मी दारातूनच मागं फिरले. तुला कळलं नव्हतं.

बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात भडंगाची पिशवी आहे, बाबांनी ठेवली, मी नाही. होस्टेलचं पाणी पहिले आठ दिवस उकळून पी. नाइट शिफ्ट असेल तर सकाळी खिडकीला जाड चादर लाव आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मी इतकी वर्षं असंच झोपते.

तुझा एल.सी., डिप्लोमाच्या मूळ मार्कशीट आणि नॉन-क्रीमीलेअर माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. निळी फाइल. कंपनीला लागलं तर झेरॉक्स पाठवते, मूळ कागद देऊ नकोस. फॉर्मची तारीख अजून गेलेली नाही. यंदा नाही भरलास तर पुढच्या वर्षीही भरता येतो, मी विचारून घेतलंय.

पोचलीस की बाबांना नाही, मला फोन कर. मी चारपर्यंत जागी आहे.

तुझी,
आई