त्या गुळगुळीत दगडासाठी थँक्यू, ताई

ताई, हे पत्र खरं तर कधीच लिहायचं होतं पण केमो चालू असताना मोबाईल हातात धरायचाही कंटाळा यायचा, त्यामुळे उशीर झाला. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण "पॉझिटिव्ह राहा" ऐकून ऐकून वीट आलेलं माझ्यासारखं अजून कोणीतरी असेलच.

ब्रेस्ट कॅन्सर कळल्यापासून माझ्याशी बोलणारे खूप झाले, ऐकणारं कोणी नव्हतं. कोणाची मावशी ठणठणीत झालेली, कोणाला व्हिडिओ पाठवायचा असायचा, कोणी "तू स्ट्राँग आहेस गं" म्हणून विषयच संपवायचं. तुम्ही घेता त्या सर्कललाही, म्हणजे गोलात बसून एकमेकांचं ऐकायच्या ग्रुपलाही, तेच असणार असं धरूनच आले होते. गोलात आठ खुर्च्या, मधे टिश्यूचा बॉक्स, आणि आधी पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं श्वासाकडे बघायचं (मी पहिल्या दिवशी गाडी नीट लॉक केली का हाच विचार करत होते, आज कबूल करते).

एक गुळगुळीत दगड हातोहात फिरवायचा, तो ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, मधे प्रश्न नाही, सल्ला नाही, "माझंही अस्संच झालेलं" नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही आणि नको असेल तर 'पास' म्हणायचं. मी दोनदा पासच केलं. तिसऱ्यांदा दगड आला तो शेजारच्या काकांच्या मुठीत राहून कोमट झालेला, आणि तो हाताला लागला न लागला तोच मला रडूच फुटलं. काका टिश्यू द्यायला उठले तर तुम्ही हातानेच त्यांना बसवलंत. काय राग आलेला तुमचा! नंतर म्हणालात, टिश्यू पुढे केला की रडणाऱ्याला वाटतं आता आवरायला हवं, बॉक्स समोर आहे, ज्याला हवा तो घेईल. तर मी मनसोक्त रडले आणि मग म्हणाले की मला मरणापेक्षा स्कॅनच्या रिपोर्टची वाट बघायची जास्त भीती वाटते. "असं बोलू नये" कोणी म्हणालं नाही.

अजून एक. अशा ग्रुपमुळे आयुष्य वाढतं का, असं एकीने सर्कल संपल्यावर विचारलं, तुम्ही सहज हो म्हणू शकला असतात. पण तुम्ही सरळ सांगितलंत की १९८९च्या एका अभ्यासात तसं दिसलं होतं, पण २००१ साली शरीरात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या २३५ बायकांचा अभ्यास आला त्यात आयुष्य काही वाढलं नाही, मात्र ज्या जास्त त्रासात होत्या त्यांचं मन आणि दुखणं दोन्ही जरा हलकं झालं. त्या दिवसापासून तुमच्यावर पूर्ण भरवसा बसला.

घरी नवऱ्याकडे माझ्या प्रत्येक वाक्यावर सोल्युशन तयार असतं. एका रात्री टीव्ही बंद करून तो तसाच बसलेला, रिमोट त्याच्याच हातात, म्हटलं चला, म्हणजे बोलायची पाळी याची. मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाला, रिपोर्ट घेतला की मी गाडीतच बसून राहतो, घरी यायचा धीर होत नाही. मला माहीतच नव्हतं हो. जिभेवर आलेलं "अरे वेड्या, काही होत नाही" कसंबसं गिळलं.

पुढच्या वेळी तोही येतोय, एक खुर्ची जास्त मांडा. पहिले दोनदा पास करेल, आधीच सांगून ठेवते.