कवेलूंखालच्या थराबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना सहावे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

दिनांक : 6 एप्रिल 2026

विषय : छताच्या कवेलूंखालील (कौलांखालील) वॉटरप्रूफिंगचा थर संपूर्ण बदलण्याबाबत, तसेच अ-203 यांच्या डक्ट कूलरबाबत

संदर्भ : माझी दि. 9 जुलै 2021, 16 ऑगस्ट 2022, 3 ऑक्टोबर 2023, 22 जुलै 2024 आणि 18 ऑगस्ट 2025 ची पत्रे

महोदय,

पाच पावसाळे मी थांबले. हे पत्र आवक वहीत नोंदवून आणि पोच घेऊन देत आहे, कारण गेल्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी गळतीचे अकरा फोटो टाकले, तेव्हा सचिवांकडून फक्त अंगठा आला.

कवेलू चांगली आहेत, याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. 1999 साली बसवलेली ही मंगलोरी कवेलू अजून कितीतरी वर्षे टिकतील. संपला आहे तो त्यांच्याखालचा, उतरत्या स्लॅबवर अंथरलेला डांबरी फेल्टचा थर. दरवेळी सभेत "एकही कवेलू फुटलेलं नाही, मग पाणी येतं कुठून?" असे विचारले जाते, म्हणून पुन्हा लिहिते. वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस कवेलू पूर्ण अडवत नाही, सांध्यांतून थोडे पाणी आत जातेच. ते खालच्या थरावरून घसरत वळचणीच्या पन्हाळीत जावे, अशी ही रचना आहे. माझ्या माहेरी, उमरेडकडे, साधी कवेलू होती, खाली थर वगैरे काही नव्हते. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी माणूस वर चढून ती फेरायचा, म्हणजे काढून नीट बसवायचा. आपल्याकडे थर आहे म्हणून फेरावे लागत नाही, आणि म्हणूनच वर जाऊन कुणी बघतही नाही. सत्तावीस उन्हाळे झाले. 2013 च्या मे महिन्यात या शहरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तापलेल्या छतावर लगेच पाऊस आपटतो. असे वर्षानुवर्षे झाले की डांबर सुकते, कडक होते आणि तडकते. कवेलू ज्यांवर टेकतात त्या रीपा (लाकडी पट्ट्या) ठोकलेल्या खिळ्यांपासून त्याची सुरुवात होते.

आता माझ्या घरातले. 2021 च्या झडीत पहिल्यांदा मधल्या खोलीत टिपूस लागला आणि मी खाली गंज (पातेले) ठेवला. 2022 मध्ये पाणी पंख्याच्या दांडीवरून उतरले. त्या खोलीचे मेन स्विच मी चार दिवस बंद ठेवले होते, हे तेव्हाच्या पत्रात लिहिले आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अर्धे शहर पाण्यात गेले, त्या रात्री माझ्याकडे तीन ठिकाणी धार लागली होती. लोकांच्या घरात कमरेइतके पाणी असताना आपले रडगाणे गाऊ नये म्हणून मी दहा दिवस थांबून पत्र दिले. त्या समजूतदारपणाचा अर्थ समितीने "अ-302 ची गळती थांबली" असा काढला आणि इतिवृत्तात तसे लिहिलेही. 2024 मध्ये सासूबाईंच्या सागवानी कपाटाची मागची फळी फुगली. गेल्या वर्षी देवघर स्वयंपाकघरात हलवावे लागले, ते अजून तिथेच आहे.

या काळात समितीने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. 2021 मध्ये 38,000, 2022 मध्ये 52,000 आणि 2024 मध्ये 67,000 रुपये खर्चून तीन वेळा ठिगळे लावली. म्हणजे 1,57,000 रुपये गेले आणि गळती जागा बदलून आली. ती तशीच येणार होती. थराच्या खाली शिरलेले पाणी स्लॅबच्या उतारावरून वाहत जाते आणि जिथे भेग किंवा पंख्याचा हूक सापडेल तिथे टपकते. टपकते तिथे वरची कवेलू उघडून डांबर फासले, तर आत शिरण्याची जागा मोकळीच राहते. 2024 ला दोष वानरांवर ढकलला गेला. सेमिनरी हिल्सकडून वानरे येतात हे खरे, पण ती फार तर कवेलू फोडतील, थर जुना करणार नाहीत.

समितीचे खरे घोडे पैशांवर अडले आहे, म्हणून मी स्वतः फिरून अंदाजपत्रक आणले. सोबत जोडले आहे. दोन्ही विंग मिळून उतरते छत अंदाजे 6,000 चौरस फूट भरते. फेल्टच्या जागी नवीन डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पत्रा), 4 मिलिमीटर जाडीची, माल आणि मजुरीसह 3,30,000 रुपये. कवेलू उतरवणे, घासून साफ करणे आणि पुन्हा बसवणे 3,90,000. कुजलेल्या रीपा 90,000. उतरवताना शंभरातली पंधरा कवेलू फुटतील असे धरून नवीन 1,260 कवेलूंचे 63,000. आढ्यावरची कवेलू आणि वळचणीचा गिलावा 48,000. परांची आणि मलबा 75,000. एकूण 9,96,000, आणि जीएसटी धरून 11,75,280 रुपये.

हा आकडा बघून पुष्कळांचे डोळे पांढरे होतील, माझेही झाले होते. पण त्यातली फोड बघा. ज्या थरासाठी हे सगळे करायचे, तो जेमतेम एक-तृतीयांश आहे. बाकी पैसा वर चढण्याचा, कवेलू काढण्याचा आणि परत लावण्याचा. ठिगळ लावतानाही नेमका हाच खर्च होतो, फक्त तुकड्यातुकड्याने, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणून मेम्ब्रेन 3 मिलिमीटरची घेऊन पैसे वाचवू नयेत आणि एक विंग यंदा, दुसरी पुढच्या वर्षी असेही करू नये. परांची दोनदा बांधावी लागेल. दुरुस्ती निधीत 4,60,000 शिल्लक आहेत. उरलेले 7,15,280 चोवीस सदनिकांत वाटले, तर प्रत्येकी 29,803 रुपये, बारा हप्त्यांत महिना अडीच हजारांच्या आत. आपल्या सगळ्या सदनिका एकाच मापाच्या आहेत, त्यामुळे वाटणीत भांडण्यासारखे काही नाही.

भांडण एकाच घरातून येते. अ-203 चे सदस्य गेल्या तीन सभांमध्ये उभे राहून म्हणाले की छत वरच्या मजल्याचे आहे, वरच्यांनीच खर्च करावा. मग त्यांचा डक्ट कूलर, छतावरून नळकांड्याने घरात गार हवा सोडणारा, कुणाच्या छतावर आहे? 2020 च्या उन्हाळ्यात, घरी बसायची वेळ आली तेव्हा, त्यांनी तो आमच्या अंगाच्या उतारावर चढवला. अँगलच्या स्टँडचे चार पाय कवेलूंना भोके पाडून बसवले आहेत. दर मार्चमध्ये कूलरच्या ताट्या (गवताच्या जाळ्या) बदलायला येणारा मेकॅनिक बूट घालून कवेलूंवरून चालतो. कूलरचे वाहते पाणी मार्चपासून जूनपर्यंत त्याच कवेलूंवर सांडते, म्हणजे तो भाग उन्हाळ्यातही कधी सुकत नाही. माझ्याकडे पहिली गळती 2021 ला लागली, हे आपण तारखांशी ताडून पाहावे. त्यांच्या घरात हवा गार येते आणि माझ्या घरात पाणी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनीसुद्धा जिन्यात मला सांगितले की हे बरोबर नाही. ब विंगमधल्या वरच्या तिन्ही घरांचा मला पाठिंबा आहे. ते सभेत बोलत नाहीत, कारण त्यांना रोज एकाच लिफ्टमधून जायचे आहे.

पार्किंगच्या जागेवरून 2019 साली त्यांच्याशी माझे जे झाले ते मी इथे आणत नाही. माझ्या गॅलरीवर लावलेल्या पत्र्याचा विषयही वेगळा आहे. तो पावसापासून बचावासाठी आहे आणि त्याने कुणाच्या घरात एक थेंब गेलेला नाही. तेव्हा कृपया या पत्राच्या उत्तरात तो काढू नये.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (नियमावलीत) सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. त्यात सर्व सदनिकांच्या छताची संरचनात्मक दुरुस्ती आहे आणि पावसाच्या पाण्याची गळतीही आहे. वरच्या मजल्याने करावे असे त्यात कुठेही नाही. त्याच उपविधींप्रमाणे दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरवर्षी घ्यायचे असतात. ते आपण 2014 पासून वाढवलेच नाहीत, म्हणून आज निधी अपुरा आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. आपली एकदाही झालेली नाही. मी चोवीस वर्षे एका कार्यालयात लेखा विभागात काढली, नियम वाचायची सवय आहे, म्हणून लिहिते. कुणाला अडकवायचा हेतू नाही.

काम पंचवीस दिवसांचे आहे. मे महिन्यात मजूर पहाटे सहा ते अकरा एवढेच वर थांबू शकतात, हे ठेकेदाराने आधीच सांगितले आहे. एकेक उतार उघडायचा, संध्याकाळी ताडपत्री टाकायची, असे केले तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवायचे असेल तर मे उजाडताच सुरुवात हवी. त्यामुळे 26 एप्रिलच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तिच्यापुढे किमान तीन ठेकेदारांचे दर ठेवावेत. मी आणलेला त्यातला एक धरावा. दर तपासणाऱ्या उपसमितीत अ-203 चे सदस्य नसावेत. त्यांचा कूलर काम सुरू होण्याआधी उतरवावा आणि नवीन थर घातल्यावर त्या उतारावर पुन्हा चढवू देऊ नये. स्टँडखालच्या फुटलेल्या कवेलूंचे पैसे त्यांच्याकडून वेगळे घ्यावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर सहाही पत्रे घेऊन मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाईन. इतकी वर्षे गेले नाही, कारण घरातली गोष्ट घरात मिटावी असे वाटत होते.

आपण स्वतः वर येऊन एकदा पाहावे, ही मनापासून विनंती आहे. कूलरच्या स्टँडजवळची चार कवेलू मी प्लंबरकडून उचलून ठेवली आहेत, खालचा फेल्ट हाताने चुरगळतो. जिन्याची किल्ली माझ्याकडेच आहे. फक्त सकाळी सातच्या आधी यावे, नंतर कवेलूंवर हात ठेवता येत नाही.

आपली,
सदस्या, अ-302

सोबत : अंदाजपत्रक, फोटो 11, मागील पाच पत्रांच्या प्रती
प्रत : सचिव, खजिनदार, सूचना फलक