पेरूवरची वेल उतरवणाऱ्या काकूंना

काकू,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आमच्या पेरूवरची आइसक्रीम वेल अखेर उतरली. त्या गुलाबी झुबक्यांचं कौतुक येणारा-जाणारा प्रत्येकजण करायचा. पण त्यांच्या आड पेरूची पानं उन्हाला मुकलीत, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कुठे दिसलं. ‘वरून छाटत राहा, आटोक्यात राहील’ असं सांगणारे पुष्कळ होते. तुम्ही छाटलेल्या फांदीचं टोक पुढे केलंत आणि म्हणालात, “मोज, किती कोंब आलेत.” शेंडा गेला की त्याच्या धाकात असलेले खालचे डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी तीन-चार सुटतात. म्हणजे वरवरच्या छाटणीने वेल उलट दाटच होत होती.

मग तुम्ही बुंध्याशी कुदळ चालवलीत. ही वेल जमिनीत कंद धरते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एक कंद निघाला की त्याच मुळावर पुढे दुसरा. वरचा सगळा पसारा कापून टाकला तरी या साठ्यावर ती पुन्हा उभी राहते.

वेल कमरेएवढ्या उंचीवर कापून वरचा भाग तसाच लटकत ठेवायचा, हा तुमचा सल्ला आधी कुणाला पटला नाही. सुकलेलं जाळं झाडावर वाईट दिसतं, हे खरंच. पण हिरवे ताणे इतके घट्ट वळलेले असतात की ओढताना पेरूच्या कोवळ्या फांद्याच मोडल्या असत्या. वाळल्यावर तेच ताणे चुरचुर तुटले. कापण्याआधी आत बुलबुलाचं घरटं आहे का, तेही तुम्ही पाहायला लावलंत.

बुंध्यात मीठ ओतायचा सल्ला तर आम्हाला किती जणांनी दिला! तुमचं उत्तर एका वाक्याचं होतं: मीठ वेलीला आणि पेरूला वेगळं ओळखत नाही. तणनाशकाची फवारणीही तुम्ही त्याच कारणाने नको म्हणालात, कारण दोघांची पानं एकमेकांत गुंतलेली होती.

सगळ्यात उपयोगी पडलं ते कोंब खुडण्याचं गणित. नवा कोंब कंदातल्या साठ्यावर वाढतो. पानं मोठी होऊन अन्न तयार करायला लागली की तो साठा पुन्हा भरू लागतो. म्हणून कोंब पानं पसरण्याआधीच खुडायचा, आणि त्यात खंड पडू द्यायचा नाही. पेरूच्या मुळांत अडकलेले कंद खणून काढले असते तर पेरूचीच मुळं तुटली असती. तिथे आता फक्त खुडणं चालू आहे. सुरुवातीचे जाडजूड कोंब आता दोऱ्यासारखे बारीक येतात. काढलेले कंद खताच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत, तिथेच रुजतील, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरं झालं. कारण घरातल्या एका उत्साही माणसाने टोपली उचललीच होती. (नाव सांगत नाही, त्यांना कळेल.)

वेल मुळापासून संपवायची, असा आमचा बेत होता. मधमाश्यांसाठी थोडी ठेवा, असं तुम्हीच म्हणालात. फाटकाच्या कमानीवर एक राखली आहे, झाडांपासून लांब. तिची फुलं सुकली की बी पडायच्या आत झुबके कापते.

तुमच्या कुदळीचा दांडा सैल झाला होता, तो नवीन बसवलाय. उद्या आणून देते. कुंपणाखालून तुमच्या बाजूला एखादा कोंब निघालाच तर मला हाक मारा. तो खुडायचं काम माझं.

तुमची,
शेजारीण