बाणेरच्या ऑफिसमधील हिश्श्याबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

बाबा, बाणेरच्या ऑफिस इमारतीत 25 लाखांचा हिस्सा घेण्याचा जो प्रस्ताव तुमच्याकडे आला आहे, त्याचे माहितीपत्रक मी पूर्ण वाचले. मी इथे अमेरिकेत अशाच प्रकारे इमारतींमध्ये पैसे गुंतवते, तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या योजनांची तुलना कशी करते आणि पुढे हिशेब कसा ठेवते, असे तुम्ही विचारले होते. फोनवर आकड्यांचे बोलणे नीट होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आई, तूही हे पत्र वाच, कारण पैसे तुम्हा दोघांचे आहेत आणि घरखर्च तूच चालवतेस.

इकडे 2012 साली जॉब्ज अ‍ॅक्ट हा कायदा झाला आणि इमारतींसाठी अनेकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करण्याची वाट मोकळी झाली. फंडराइज या ऑनलाइन मंचावर अगदी 10 डॉलरपासून सुरुवात करता येते आणि ते पैसे अनेक मालमत्ता असलेल्या फंडात जातात. क्राउडस्ट्रीट या दुसऱ्या मंचावर बहुतेक वेळा एकाच इमारतीत किमान 25,000 डॉलर घालावे लागतात, आणि त्यासाठी वर्षाला 2 लाख डॉलर उत्पन्न किंवा राहते घर सोडून 10 लाख डॉलरची मालमत्ता असावी लागते. तुलनेतील अडचण इथूनच सुरू होते, कारण प्रत्येक मंच आपल्याला सोयीची टक्केवारी पुढे करतो. कुणी वर्षाला हाती येणारी रक्कम मुद्दलाच्या प्रमाणात सांगतो, कुणी इमारत विकल्यावर मिळेल असे वाटणारे धरून अपेक्षित परतावा सांगतो, तर कुणी फंडाच्या अंदाजित मूल्यातील वाढही परताव्यात मिळवतो. हे आकडे शेजारी शेजारी मांडून काहीच कळत नाही.

म्हणून मी मंचांच्या टक्केवाऱ्या माझ्या हिशेबात घेतच नाही. माझ्या एक्सेलच्या पानावर प्रत्येक योजनेसाठी तारीख, दिलेली रक्कम आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम एवढ्याच नोंदी असतात आणि त्या मी बँकेच्या स्टेटमेंटवरून करते. एक्सेलमधील एक्सआयआरआर हे सूत्र तारखा आणि रकमा घेऊन वार्षिक दर काढून देते. हा दर सगळ्या योजनांना एकाच मापाने मोजतो, मग ती योजना कर्जाची असो, भाड्याची असो किंवा इमारत विकून नफा मिळवण्याची असो.

तारखांना इतके महत्त्व का, ते एका उदाहरणाने सांगते. समजा, दोन योजनांत 10,000 डॉलर घातले. पहिलीने दर वर्षअखेरीस 800 डॉलर दिले आणि पाच वर्षांनी मुद्दल परत केले, म्हणजे एकूण 14,000 आले. दुसरीने पाच वर्षे काहीच दिले नाही आणि शेवटी 14,500 एकदम दिले. जाहिरातीत दुसरी सरस दिसेल, पण पहिलीचा वार्षिक दर 8 टक्के आहे आणि दुसरीचा जेमतेम 7.7. शिवाय पहिलीतले 800 डॉलर दरवर्षी हाती येत होते, तर दुसरीत पाच वर्षे नुसती वाट पाहायची होती.

जमा झालेली प्रत्येक रक्कम उत्पन्नच असते असेही नाही. इमारतीवर नवे कर्ज काढून किंवा राखीव निधीतून दिलेले पैसे हे बहुतेक वेळा आपलेच मुद्दल असते. त्यासाठी मी वेगळा रकाना ठेवते आणि तेवढी रक्कम मुद्दलातून वजा करते. मंच सांगतो ते चालू मूल्यही मी निराळ्या रकान्यात लिहिते, कारण तो त्यांनी बांधलेला अंदाज असतो आणि गरज पडेल त्या दिवशी त्या भावाने पैसे मिळतील याची खात्री नसते. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, फंडराइजने पैसे परत देणे काही महिने थांबवले होते. तसा अधिकार त्यांच्या अटींमध्ये होता, त्यामुळे त्यात बेकायदा काही नव्हते. पण खात्यावर दिसणारी रक्कम आणि उद्या दवाखान्यात भरता येणारी रक्कम यांतला फरक तेव्हा पुष्कळांना समजला. तुमच्या वयात मला याच फरकाची सर्वांत जास्त काळजी वाटते.

एकाच मंचावर सगळे पैसे ठेवू नयेत, हे तर तुम्हीच मला शिकवलेत. इथे त्याची कारणे समोर घडली आहेत. रियल्टीशेअर्सने 2018 मध्ये नवे व्यवहार थांबवले. पीअरस्ट्रीट 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. क्राउडस्ट्रीटवरून अटलांटा आणि मायामी बीच येथील दोन इमारतींसाठी सुमारे 800 जणांनी दिलेले जवळजवळ 6 कोटी 30 लाख डॉलर थेट विकासकाच्या ताब्यातील खात्यांत गेले आणि त्याने ते दुसरीकडे वळवले. त्याला 2025 मध्ये तुरुंगाची शिक्षा झाली. तेव्हापासून पैसे आधी कोणाच्या खात्यात जाणार, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि परतावा किती, हा त्यानंतरचा.

आता बाणेरकडे वळते. पत्रकात भाडे 9 टक्के आणि पाच वर्षांचा अपेक्षित आयआरआर (परताव्याचा वार्षिक दर) 14 टक्के असे ठळक छापले आहे. हे 14 कुठून आले, ते मी उलट हिशेब करून पाहिले. 25 लाखांवर वर्षाला सव्वादोन लाख भाडे धरले, तर 14 टक्के पडण्यासाठी तुमचा हिस्सा पाच वर्षांनी सुमारे 33 लाख 25 हजारांना विकला गेला पाहिजे, म्हणजे जागेचा भाव 33 टक्क्यांनी वाढला पाहिजे. भाव आहे तिथेच राहिला तर दर 9 टक्केच राहतो, आणि जागा दहा टक्के कमी भावाने विकावी लागली तर तो 7.3 वर येतो. हे सगळे मंचाचे वार्षिक शुल्क वजा करण्याआधीचे, आणि ऑफिस एकही महिना रिकामे राहणार नाही असे धरून केलेले गणित आहे. तशात महाराष्ट्रात खरेदीवर सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि ते तुमच्याच 25 लाखांतून गेलेले असते, त्यामुळे पहिल्या दिवशीच जागेची किंमत तुम्ही दिलेल्या पैशांपेक्षा कमी असते.

पत्रकात भाडेकरार नऊ वर्षांचा आहे असे म्हटले आहे. आपल्याकडे अशा करारांत भाडेकरू कंपनी बहुतेक वेळा पहिली तीन वर्षेच बांधलेली असते आणि त्यानंतर नोटीस देऊन जागा सोडू शकते. त्या तीनपैकी किती वर्षे उरली आहेत, हे पत्रकात कुठेही नाही. माझ्या मते संपूर्ण प्रस्तावात याहून महत्त्वाचा आकडा नाही.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. भारतात असे मंच बरीच वर्षे खास नियमाविना चालले होते. सेबीने मार्च 2024 मध्ये लहान आणि मध्यम रीटसाठी, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्ता घेणाऱ्या न्यासांसाठी, नियम केले. त्यानुसार योजना 50 ते 500 कोटींची असते, किमान 200 गुंतवणूकदार लागतात, एकाला किमान 10 लाख घालावे लागतात, 95 टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या आणि भाडे देणाऱ्या मालमत्तेतच असावा लागतो आणि युनिट शेअर बाजारात नोंदवावे लागतात. अशी पहिली योजना, प्रॉपशेअर प्लॅटिना, डिसेंबर 2024 मध्ये बंगळूरमधील ऑफिससाठी आली आणि पुढच्या वर्षी ठाण्यातील जागेसाठी टायटानिया आली. बाणेरचा प्रस्ताव मात्र एका खासगी कंपनीचे शेअर आणि डिबेंचर (कर्जरोखे) देऊ करतो, आणि पत्रकात सेबीचा नोंदणी क्रमांक मला सापडला नाही. नोंदणी असली तरी दहा लाखांच्या युनिटला हव्या त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल असे मी म्हणणार नाही, पण निदान हिशेब उघड करण्याचे बंधन तरी असते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के दर आहे आणि प्रत्येकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि भाडेकरू जाण्याची भीती नाही. आई, तुझ्या नावावर अजून काहीच ठेवलेले नाही, तेव्हा हे 25 लाख तिथेच घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. बाबा, तुम्हाला ऑफिसच्या भाड्याचा अनुभव घ्यायचाच असेल, तर एम्बसी, माइंडस्पेस किंवा ब्रुकफील्ड यांसारख्या मोठ्या रीटचे युनिट शेअरसारखे एक-दोनही घेता येतात आणि बाजार चालू असेल त्या दिवशी विकता येतात. त्यांचेही भाव खाली-वर होतात, म्हणून तिथेही थोडीच रक्कम घाला.

बाणेरचा प्रस्ताव आणणाऱ्या गृहस्थांना एकदम नकार देणे तुम्हाला अवघड जाईल, हे मी जाणते. त्यांच्याकडून मूळ भाडेकराराची प्रत, वार्षिक शुल्काचा तक्ता, मागे विकून टाकलेल्या मालमत्तांचे तारखांसह हिशेब आणि सेबीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. कंपनीने तो मजला कितीला घेतला, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) काढून तुम्ही घरबसल्या पाहू शकता. जागेच्या व्यवहारांतले तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते, तेव्हा तो आकडा पत्रकातील किमतीशी ताडून पाहा. कागद आले की फोटो काढून मला पाठवा, आणि तोपर्यंत टोकन म्हणूनसुद्धा काही देऊ नका. माझे एक्सेलचे पान मराठी रकान्यांसह सोबत पाठवत आहे. त्यात तुमच्या पोस्टातल्या आणि बँकेतल्या ठेवी आधी भरून पाहा, म्हणजे आज तुमचा पैसा खरोखर किती दराने वाढतो आहे ते कळेल.

तुमची,
मधुरा